पितराचा पाट

बीबी
ता. २३ सप्टेंबर १९३५

चि. हिंमत यास आशीर्वाद.

जावयाला पत्र लिहायची रीत वेगळी असते. तशी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही कागद फाडले. तू आधी माझ्या बहिणीचा मुलगा आणि मग वच्छलाचा नवरा, म्हणून भाचा समजूनच लिहितो. तुझ्या मामीने बजावलं आहे, "ठाणेदाराले रागावू नोका." म्हणून रागावत नाही.

काल अविधवा नवमी झाली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालायचा दिवस. वच्छलाला जाऊन वर्ष झालं, त्यामुळे यंदा पहिल्यांदाच केलं. तू येशील म्हणून उन्हं कलेपर्यंत थांबलो. मग वच्छलाच्या पाटावर शेजारची तानुबाई बसली. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी. तानुबाई चांगली जेवली. पण हात धुऊन झाले आणि ती मागच्या दारी जाऊन मामीला म्हणते, "सुभद्राबाई, एखांदी भाकर असन तं द्या वो. सकायपासून उपाशी हावो मी."

मामी म्हणाली, "अवो, आत्ताच तं जेवली तू!"

"मी कुठी जेवली? जेवली ते वच्छी. माह्या पोटात काईच नाई."

वर्षभरात मामी पहिल्यांदा हसली. मग रडली. मग तिने दोन भाकरी आणि ठेचा दिला. तानुबाईने तेही सगळं संपवलं.

बशीर बागवान बुलढाण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर शेवयांचा डबा पाठवतो. तू करून खाणार नाहीस हे मला माहीत आहे. पण घरात असलेल्या बऱ्या.

तुझा मामा,
इंद्रभान

•

बुलढाणा
ता. ८ ऑक्टोबर १९३५

ती. मामांच्या आणि मामींच्या पायी नमस्कार.

शेवया पोचल्या. बशीर दारातून हलेना. म्हणाला, "बाईनं सांगतलं, डबा खाली करूनच वापस आना." त्याच्यासमोर शेवया कागदावर ओतल्या तेव्हा तो गेला.

नवमीला रजा घेतली होती. मोटरच्या अड्ड्यापर्यंत आलो आणि तिथून परत गेलो. याहून जास्त मला सांगता येत नाही.

एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. मला ठाण्यावरून काढून इथे कप्तानसाहेबांच्या कचेरीत जुने कागद लावायला बसवलं आहे. उन्हाळ्यात एका तपासात साक्षीदार रडायला लागला, तेव्हा मी उठून बाहेर गेलो आणि परत आलो नाही. साहेब चांगले आहेत. म्हणाले, थोडे दिवस कागदात बसा.

त्या कागदांत मला चार मृत्यू सापडले. चार गावं, चार ठाणी, चार वर्षं. बत्तीस सालापासून दर वर्षी एक. चौघेही पन्नाशीपुढचे शेतकरी, चौघेही अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आपल्या अखजीच्या, दुसऱ्या दिवशी ओकारी आणि हगवण होऊन गेले. तिघांपुढे 'पटकी' लिहिलं आहे. पण त्या वर्षी त्या गावांत दुसऱ्या कुणालाही पटकी झालेली नाही. चौथ्याचं प्रेत डॉक्टरने फाडलं, त्यात सोमल निघाला. सोमल आपोआप पोटात जात नाही. कुणीतरी दिला. चौघांनाही एकाच माणसाने दिला असं मला वाटतं.

अडचण एवढीच आहे की चारही घरच्यांच्या जबान्यांत एकच वाक्य आहे. अखजीच्या दिवशी मयताने बाहेर काही खाल्ले नाही. मग विष गेलं कसं? साहेब म्हणतात, बाकी तिघांना ऊन लागलं असेल. पण त्यांनी मला पुढच्या अखजीपर्यंत मुदत दिली आहे. त्या दिवशी पाचवा माणूस मरणार, अशी माझी खात्री आहे. तो कोण, हे माहीत नाही.

वच्छला असती तर हे तिला सांगितलं असतं. ती भाकरी थापता थापता सगळं ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "जेवाले बसा आंधी." आता तुम्हाला लिहितो.

आपला,
हिंमत

•

बीबी
ता. ४ नोव्हेंबर १९३५

चि. हिंमत,

कागद लावणं हे हलकं काम नाही. मी तेहतीस वर्षं शाळेत हजेरी मांडली. कोण आलं नाही हे ज्याला दिसतं, त्यालाच पुढचं दिसतं. या कामात मागे हटू नकोस. माणसाच्या हातून माणूस मरतो तेव्हा कुणीतरी दारात जाऊन विचारलं पाहिजे.

मामी विचारते, साक्षीदार रडला म्हणून तू बाहेर गेलास, की तुला रडू आलं म्हणून? मी म्हणालो, असं विचारू नये. ती म्हणाली, "तुमी लिवा तं खरं." म्हणून लिहिलं.

कापसाची वेचणी चालू आहे. तानुबाई खुशाल आहे आणि भरपूर जेवते.

मामा

•

बुलढाणा
ता. १९ जानेवारी १९३६

ती. मामांना नमस्कार.

मामींना सांगा, दुसरं.

संक्रांतीला सुट्टी होती. तुमची पत्रं पुन्हा वाचत बसलो होतो. तानुबाईची हकिगत वाचली आणि कागद हातातच राहिला. मी कुठी जेवली, जेवली ते वच्छी. अखजीलाही तसंच असतं. नवी घागर भरतात आणि घरातल्या मेलेल्या माणसाच्या ठिकाणी कुणाला तरी पाटावर बसवून जेवू घालतात. मी लहानपणापासून हे पाहत आलो आणि पोलीस झाल्यावर विसरलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांची परवानगी घेऊन निघालो. पहिलं घर उकंडरावांचं. त्यांची बायको मनकर्णाबाई तूर पाखडत होती. मी विचारलं, "बाई, मालक अखजीला कुणाकडे जेवले होते?"

"नाई जेवले, साहेब. तवाच्या साहेबाले बी हेच सांगतलं."

"कुणाकडे पितर बसले होते का?"

"हाव, बसले होते ना."

"मग जेवले की!"

तिने सूप खाली ठेवलं. "पितर बसला मानूस जेवते कसा? जेवते तो पितर. मानूस नुसता पाटावर असते. तुमच्या घरी अखजी करत नाई काय, साहेब?"

चारही घरी हेच. चौघेही त्या दिवशी पितर बसले होते आणि चारही घरांनी शपथेवर सांगितलं होतं की ते जेवले नाहीत. कुणीही खोटं बोललेलं नाही.

पण बसले कुणाच्या घरी, ते कुणालाच माहीत नाही. मनकर्णाबाई म्हणाली, "निंघाच्या वक्ती कुठी जाता म्हनून इचारते का कोनी? बीबीच्या वाटेनं गेले, एवढं पाह्यलं." बाकीचे तिघेही बीबीच्याच वाटेने गेले होते.

एरवी एका घरी पितर म्हणून वर्षानुवर्षं एकच माणूस बसतो. हा दर वर्षी नवा बसवतो, कारण आदल्या वर्षीचा उरत नाही. मयतांची नावं उकंडराव, किसनराव, गंभीरराव आणि श्रावणजी. चौघेही आपल्याच जातीचे. बीबीच्या आसपासचं घर न् घर तुम्हाला ठाऊक आहे. या चौघांना बोलावील असं कोण आहे? लवकर कळवा. अखजीला तीन महिने राहिले आहेत.

हिंमत

•

बीबी
ता. २० फेब्रुवारी १९३६

चि. हिंमत,

उत्तराला उशीर झाला. डोळ्यांना अलीकडे नीट दिसत नाही.

तू लिहिलेली नावं वाचली. यातलं कुणी माझ्या ओळखीचं नाही. बीबीच्या वाटेवर गावं पुष्कळ आहेत. म्हातारी माणसं होती, वैशाखातलं ऊन, असंही असेल. तू प्रकृतीला जप.

अखजीला इकडे यायचं मनात असेल तर यंदा नको. मी घरी नसेन.

मामीचे गुडघे दुखतात. बाकी ठीक.

इंद्रभान

•

बुलढाणा
ता. १० मार्च १९३६

ती. मामांना नमस्कार.

यंदा नको, हे वाचलं. कारण विचारत नाही. ते मला माहीत आहे, आणि ते तुम्ही इतके दिवस मनात ठेवलंत हाच तुमचा चांगुलपणा आहे.

वच्छलाच्या तापाचा निरोप मला उशिरा मिळाला, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खरं नाही. निरोप वेळेवर मिळाला. मी तेव्हा एका खुन्याच्या मागावर होतो. तो दुसऱ्या दिवशी हाती लागेल असं दिसत होतं. मला वाटलं, ताप आहे, माहेरी आहे, मामा-मामी आहेत. मी एक दिवस थांबलो. तो माणूस सापडला. मी बीबीला आलो तेव्हा तुम्ही ओसरीवर बसला होता आणि अंगणात चूल पेटलेली नव्हती.

त्यानंतर मला साक्षीदार रडलेला बघवत नाही.

एकच विचारायचं आहे. दीड वर्षात विचारलं नाही. तिने मला बोलावलं होतं का?

उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. मी अखजीपर्यंत बीबीच्या वाटेवरची गावं पालथी घालतो आहे. अजून काही हाती नाही. तुमच्या घराजवळून दोनदा गेलो. आत आलो नाही.

हिंमत

•

बीबी
ता. २० एप्रिल १९३६, सोमवार

चि. हिंमत यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तानुबाईच्या मालकापाशी ठेवायला मामीजवळ देतो आहे. शुक्रवारी अखजी आहे. ती झाल्यावर त्याने ते टपालात टाकायचं आहे. असं का, ते पुढे लिहितो.

आधी वच्छलाचं. तिने तुला बोलावलं नाही. शेवटच्या दिवशी तिने एकच विचारलं, ते दोनदा. "त्यायचं जेवन झालं असन का?" मी म्हणालो, झालं असेल. हे तुला सांगितलं नाही, कारण ते ऐकून तू पुन्हा ताटावर बसणार नाहीस असं वाटलं. निरोप वेळेवर पोचला होता हेही मला ठाऊक होतं. निरोप्यानेच सांगितलं होतं. पहिला महिना मी तुला दोष दिला. मग नाही दिला. तू समजलास तसं काही नव्हतं. येऊ नकोस म्हणायचं कारण वेगळं होतं.

ती चार नावं मी वाचताक्षणी ओळखली. एका कागदावर त्या चौघांचे अंगठे आहेत, आणि पाचवी सही माझी.

अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत बीबीच्या वाटेवर एक परका माणूस मरून पडला होता. दोन दिवस कुणी हात लावला नाही. भिकाजी नावाच्या आपल्या जातभाईने त्याला आपल्या गाडीत घालून नेलं आणि अग्नी दिला. साथ सरल्यावर पंचायत बसली. मेलेल्याची जात कोणती, हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून भिकाजीला वाळीत टाकायचं ठरलं. पंचांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मला बोलावलं. मी एक शब्द बोललो नाही. कागद चांगल्या अक्षरात लिहिला. श्रावणजींनी अक्षराची तारीफ केली आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आजही टोचतं.

पुढच्या वर्षी भिकाजी वाळीतच मेला. खांद्याला कुणी आलं नाही. त्याचा कडूबा तेव्हा अकरा वर्षांचा. बाप ज्या गाडीतून परक्या माणसाला घेऊन गेला, त्याच गाडीतून त्याने बापाला नेलं. तेराव्याला तो आणि त्याची आई रुखमाबाई पानं मांडून दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. जेवायला कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही. कडूबा माझ्या शाळेतला सर्वांत हुशार विद्यार्थी होता. तो पुन्हा शाळेत आला नाही.

मग ते सगळं मिटलं. कडूबा गावापासून दोन कोसांवर मळ्यात राहतो. चार वर्षांपूर्वी बाजारात भेटला आणि म्हणाला, "गुरुजी, ज्यायनं माह्या बापाले वाळीत टाकलं, त्यायलेच मी आता पितर बसवून राह्यलो." मला भरून आलं. मी वर्गात मुलांना त्याचं उदाहरण दिलं. पुढे एकेक पंच गेल्याचं कानावर यायचं तेव्हा मी मनात म्हणायचो, भिकाजीने माफ केलं आणि बरोबर नेलं. तुझं जानेवारीचं पत्र येईपर्यंत मी असंच समजत होतो. दहा दिवसांनी कडूबा वांग्यांची टोपली घेऊन आला आणि त्याने यंदाच्या अखजीचं मला आवतण दिलं.

मी जाणार आहे.

तुला आधी कळवलं तर तू त्याला धरशील. ते तुझं कामच आहे. पण त्याला 'थांब' म्हणायला आजवर कुणी त्याच्या दारी गेलं नाही. ताट समोर आलं की मी त्याला विचारीन. तो नको म्हणाला तर त्याला घेऊन मीच तुझ्याकडे येईन. जेवा म्हणाला, तर पाच सह्या पूर्ण होतात आणि पुढच्या अखजीला कुणी मरणार नाही. मग हे पत्र तुझ्या उपयोगी पडेल.

मामीला यातलं काही माहीत नाही. तिला तुझ्याकडे ने. ती तुला जेवायला लावील.

तुझा मामा

•

बुलढाणा
ता. २९ एप्रिल १९३६

ती. मामींना नमस्कार. हे पत्र मामांकडून वाचून घ्या.

तुम्हाला वाचता येत नाही म्हणून आम्ही वाचलो. बशीर मंगळवारी संध्याकाळी आंब्यांची गाडी घेऊन आला तो थेट माझ्या दारात. म्हणाला, "बाई बोलल्या, मास्तर डोळे पुसून पुसून लिवून राह्यले, अन् वरतून म्हनतेत शुक्रवारलोक ठेवा. रडून लिवलेली चिठ्ठी ठेवाची नसते. आंबे मंग इका, ही आंधी द्या." आंब्यांचं त्याचं नुकसान झालं. ते मी भरून द्यायला गेलो तर त्याला राग आला.

साहेब दौऱ्यावर होते. त्यांची सही मिळायला गुरुवार उजाडला. देऊळगाव राजापर्यंत मोटर, पुढे घोडा. बाकी मामांना माहीत आहे.

मामा, त्या मळ्यात मी तुम्हाला रागाने बोललो. आयुष्यात पहिल्यांदा. ते मी मागे घेत नाही.

कडूबाने मॅजिस्ट्रेटपुढे सगळं कबूल केलं. आधी त्याने विचारलं, "गुरुजी लिवतीन काय?" तसा नियम नाही. कारकुनाने लिहिलं. त्याने खाली सही केली. त्याचं अक्षर तुमच्यासारखं आहे.

मी येण्याआधी तिथे काय झालं, ते तो सांगत नाही. कोर्टासाठी नाही, माझ्यासाठी लिहा.

वच्छलाचं तुम्ही लिहिलंत ते वाचलं. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. पण तुम्ही तिला झालं असेल म्हणालात, ते बरं केलंत.

हिंमत

•

बीबी
ता. ६ मे १९३६

चि. हिंमत,

मामीला पत्र वाचून दाखवलं. ती तीन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. काल म्हणाली, "पुन्हा कोनाकडे जेवाले निंघाले तं मले इचारून निंघजा." आता बोलते.

तू विचारलंस ते लिहितो.

मी अकराच्या सुमारास पोचलो. कडूबाने माझे पाय धुतले, गंध लावलं. रुखमाबाईला आता दिसत नाही. ती चुलीपाशी होती. पावलांचा आवाज ऐकून म्हणाली, "मास्तर आले काय? उशीर केला, पन आले." तिला वाटतं पंच आपण होऊन येतात. तिला काहीच माहीत नाही, हे मी शपथेवर सांगेन.

पुरणपोळी, आमरस, वडे, कुरडई आणि एका वाटीत चिंचवणी. ताट कडूबाने स्वतः वाढलं. यजमानाने जेवा म्हटल्याशिवाय पितराने घास घ्यायचा नसतो. तो बोलेना. मी म्हणालो, "कडू, खाऊ का रे?"

तो खाली बघत म्हणाला, "आज काऊन इचारता, गुरुजी? कागद लिवतानी कोनाले इचारलं होतं?"

"नाही विचारलं. चुकलं माझं. म्हणून आज विचारतो."

"तुमाले मालूम हाय."

"हो."

"मंग आले काऊन?"

मी म्हणालो, "तेराव्याला यायचं राहिलं होतं."

मग मी चिंचवणीची वाटी उचलली. का उचलली, ते नीट सांगता येत नाही. ती तोंडाशी नेली तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. तो पहिलीत असताना 'ळ' त्याला जमत नसे. मी त्याचं मनगट धरून पाटीवर गिरवून घ्यायचो. त्याने तसंच धरलं होतं. घट्ट, पण दुखणार नाही असं. वाटी आमच्या दोघांच्या मध्ये. आतून रुखमाबाईने विचारलं, "जेवले काय रे मास्तर?" तो म्हणाला, "जेवून राह्यले, माय." तेवढ्यात तुझा घोडा ऐकू आला.

तू आला नसतास तर वाटी कुणीकडे गेली असती? मला वाटतं, त्याने ती खाली ठेवली असती. पण हे मास्तराचं मत आहे, साक्ष नाही.

तू मला जे बोललास ते बरोबर होतं. "एकदा उशिरा पोचलो, पुन्हा उशिराच पोचवणार होते तुम्ही मला!" असं तू ओरडलास. हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. मी माझंच बघत होतो. मला माफ कर.

बेडी घालण्याआधी तू कडूबाला तुझ्या तांब्यातलं पाणी दिलंस. रुखमाबाईने आवाजावरून ओळखलं. ती मला अजून विचारते, "तो पानी देनारा कोन होता?" मी सांगितलं, माझा भाचा.

मामा

•

बीबी
ता. ३ मे १९३७

चि. हिंमत यास आशीर्वाद.

ठाण्यावर पुन्हा रुजू झाल्याचं कळलं. मामीने तानुबाईला गूळ दिला.

कडूबाला फाशी होऊन तीन महिने झाले. आम्ही दोघं दर आठवड्याला मळ्यात जातो. गावातलं दुसरं कुणी त्या वाटेला जात नाही. त्या घरचं पाणीही कुणी पीत नाही. चौघांच्या घरच्यांना मी दोष देत नाही. मनकर्णाबाईच्या दारी मी स्वतः जाऊन आलो. ती सूप घेऊन आत गेली. मी बसून परत आलो. पुन्हा जाईन.

गुरुवारी तेरा तारखेला अखजी आहे. परवा रुखमाबाईने मामीचा हात धरून विचारलं, "माह्या लेकाच्या पाटावर कोन बसन वो?" मी म्हणालो, मी बसतो. तर म्हणाली, "तुमी नाई. तुमी त्याच्या बापाच्या पाटावर बसा, तुमचं रायलं हाय. त्याच्या पाटावर तो पानी देनारा बसन काय? इचारून पाहा."

म्हणून विचारतो. तू त्याला धरलंस आणि तुझ्या साक्षीवर तो फाशी गेला, हे तिला माहीत आहे. मी तिच्यापासून काही ठेवलेलं नाही. तरी ती म्हणते. तुला जमणार नसेल तर तसं कळव. मी तिला काहीतरी सांगेन.

स्वयंपाक मामी आणि ती मिळून करणार आहेत. येणार असशील तर ठाणेदाराचा पोशाख घालू नकोस. जेवून हात धुतलेस की मागच्या दारी ये. मामी तुझ्यासाठी वेगळी भाकरी आणि ठेचा ठेवणार आहे. पाटावरचं जेवण कडूबाचं. तुझं व्हायचंच असेल.

मामा

•

ता. ८ मे १९३७

ती. मामांना नमस्कार.

बुधवारी संध्याकाळपर्यंत येतो. मुक्काम तुमच्याकडेच करीन.

मामींना सांगा, भाकरी दोन ठेवा.

हिंमत